तांबड्या रश्श्याची संमती

दोन हजार सालानंतर आमच्या मेडिकलसमोरच्या दवाखान्यात नव्या औषधांच्या चाचण्या सुरू झाल्या. पेशंटची संमती घ्यायला एक अत्यंत प्रेमळ गृहस्थ नेमले होते. संमतीपत्र जाडजूड होतं, चांगलं मराठीत, सगळे धोके छापलेलं. गृहस्थ ते कधीच वाचून दाखवत नसत. त्यानं पेशंट घाबरतो, आणि कुणाला घाबरवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"पावणं, तांबडा रस्सा बी एखाद्याला सोसत न्हाय. म्हणून कोल्हापूर जेवायचं थांबलंय व्हय?"

एवढ्यात यकृत, किडनीचे सगळे धोके सांगून आटपायचे. मग अंगठा, मग चहा. अंगठ्याची शाई मात्र ते स्वतः स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत. पेशंटची काळजी म्हणतात ती हीच. तरीही कुणी कचरलंच, तर म्हणत, "माझ्या आईला दिलं असतं की हे!"

एकदा त्यांची आई खरंच आली, कोडोलीहून, गुडघे धरत. मी औषधं पोचवायला तिथंच गेलतो. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "यांना घेऊया की चाचणीत. गुडघ्याचंच औषध आहे."

गृहस्थांनी आईचा हात झटकन मुठीत घेतला. "नको साहेब. तिला न्हाय सोसायचं."

बाकावर गडमुडशिंगीच्या एक मावशी बसल्या होत्या. नुकताच कागदावर उठवलेला निळा अंगठा त्यांनी तसाच वर धरला होता.

"मग मला सोसंल व्हय, दादा?"

गृहस्थांनी तो अंगठा नेहमीच्या मायेनं पुसला आणि विचारलं, "मावशी, चहा गोड सांगू न्हवं?"