काकू आणि लोणच्याची बरणी

आंजी गावातल्या आमच्या मोठ्या काकूइतका पाळी गेल्याचा आनंद अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसऱ्या कोणत्या बाईने साजरा केला नसेल. "सुटली वं मी!" असं तिने विहिरीवर जाहीर केलं आणि त्याच दुपारी लोणच्याच्या बरण्या कायमच्या ताब्यात घेतल्या. आता चार दिवस बाजूला बसणं नाही, की 'बरणीले शिवू नोको' ऐकणं नाही. दोन्ही सुनांना फोड हवी असली तर काकूपुढे ताटली धरावी लागे. नोकरी संपल्यावर लोकांना पेन्शन मिळते, काकूला सत्ता मिळाली.

सत्तेबरोबर त्रासही आले. ऐन पौषात सगळे शेकोटीभोवती बसलेले असताना काकू एकाएकी लाल होई आणि ओट्यावर जाऊन सुपाने वारा घेई. गुडघे कुरकुरत, झोप उडालेली, आणि राग असा की काका पाणी न मागता स्वतःच उठत. "तुह्या काकानं बोलणं बंद केलं, तं माह्यावालं अर्धं दुखणं आजच जाते," असं तिचं निदान होतं.

मी घरातली पहिली पदवीधर. "शिकू द्या पोरीले," म्हणून काकांशी भांडून मला वर्ध्याच्या कॉलेजात पाठवलं ते काकूनेच. ऐंशीच्या सुमारास एका दवाखान्याच्या कामावर मी गावोगाव बायकांचे फॉर्म भरत हिंडायचे. पाळी कधी गेली, बाळंतपणं किती, तंबाखू खाता का, अंगातून वाफा निघतात का, हाडं दुखतात का. आंजीत काकू माझ्या शेजारी बसली आणि सगळ्यांची उत्तरं तिनेच दिली. "हिले तंबाखूचं विचारू नोको, नाईच म्हणन. कमरेची चंची पाह्य!" दुसरीबद्दल म्हणाली, "सात बाळंतपणं, दूध सारं लेकराइले. हाडं दुखतीन नाई तं काय गातीन?"

शेवटच्या प्रश्नाखाली दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लाल रेघ मारली होती. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं का? गेलं असेल तर बाईला घेऊनच या, पिशवीचा कॅन्सर असू शकतो, असं त्यांनी बजावलं होतं.

"काकू, तुह्यं?"

"नाई. मोठ्या अक्षरात लिही."

मी लिहिलं. मग जेवायला बसलो, तर काकू धाकट्या सुनेला म्हणाली, "लोणचं तू काढ वं. माहा हात दुखून राह्यला."

सून बघतच राहिली. त्याच हाताने काकूने नुकतीच विहिरीवरून भरली घागर आणली होती. काकू माझ्याशी खोटं बोलली होती, पण बरणीशी तिला खोटं वागता आलं नव्हतं.

जेवण झाल्यावर मी तिला मागच्या अंगणात गाठलं. "काकू, कवापासून?"

"चूप! सुनाइले समजलं तं बरण्या जातीन माह्या."

"बरण्या राहतीन. तूच जाशीन."

"शिकली म्हणून मले भेव दाखवून राह्यली काय?"

"तूच शिकवलं नं मले?"

काकूने पदराने घाम पुसला. मग म्हणाली, "सकाळची मोटर किती वाजता हाय?"

तपासणीत भीती खरी निघाली. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत. पिशवी काढली. सुट्टी मिळाली त्या दिवशी काकूने त्यांना एकच प्रश्न विचारला, "आता बरणीले हात लावाले चालते नं?"

"मावशी, आधीही चालत होतं. लोणचं नासतं ते ओल्या चमच्याने."

परतीच्या मोटारीत वाटेतली नदी नाही, की पुढच्या बाकावरचं भांडण नाही, कशाकडेच तिचं लक्ष नव्हतं. आंजी जवळ आली तेव्हा हळूच म्हणाली, "चार दिवस महिन्याचे. इतके वर्सं उगंच आळणी जेवली मी."

त्या संध्याकाळी तिने बरणी चुलीजवळ मधोमध ठेवली आणि सुनांना म्हणाली, "ज्या दिवशी वाटन, त्या दिवशी घ्या."

काकूनंतर ती बरणी माझ्याकडे आली. माझ्या मुली हवं तेव्हा तिच्यात चमचा घालतात. मी फक्त तो कोरडा आहे का, ते बघते.