उशी पायथ्याला

"मॅडम, पेशंट ऐकतच नाही!" माझी सेकंड इयरची विद्यार्थिनी रूपाली रडकुंडीला आली होती. जुन्नर तालुक्यातल्या एका लहानशा दवाखान्यात मी तेव्हा नर्सिंगच्या मुलींचं प्रॅक्टिकल घ्यायचे.

खाटेवर घाटघरची मनीषा होती. नववा महिना. तपासायला उताणी झोपवली आणि तिला दरदरून घाम फुटला. बीपी खाली, बाळाचे ठोके मंद. दिवस भरत आले की उताणं झोपल्यावर पोटाचा भार हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो. उपाय साधा. डाव्या कुशीवर वळवायचं, म्हणजे आमची लेफ्ट लॅटरल पोझिशन. रूपालीनं दोनदा वळवलं. मनीषा दोन्ही वेळा परत उताणी.

"नीट समजावलंस का?" मी खेकसले.

"पुस्तकातलं सगळं सांगितलं, मॅडम."

डॉक्टर म्हणाले, "पाच मिनिटं बघू. नाहीतर नारायणगावच्या मोठ्या दवाखान्यात रेफर."

मी स्वतः वळवलं. ती पुन्हा उताणी, पदर नाकापर्यंत. माझं डोकंच फिरलं. "अगं, बाळाच्या जिवावर उठलीस का?"

तिनं हळूच दाराकडे बोट केलं. "मामंजी बसल्यात तिथं. त्यांच्याकडं तोंड करून कशी झोपू?"

दार फुगलेलं, लागत नव्हतं. पडदा धुवायला गेलेला. समोरच बाकावर तिचा सासरा.

"बाबा, जरा लांब बसा."

"बसतो की सिस्टर, पण पोरीला काय व्हतंय ते तरी सांगा. लेक कामाला गेलाय, मीच जीपनं आणलीया तिला." म्हातारा दोन पावलं सरकला आणि पुन्हा दारात आला. त्याचा जीव सुनेत अडकला होता. त्याला हाकलणं मला जमलं नाही.

मग मी उशी उचलली आणि पायथ्याला ठेवली. मनीषाला उलट्या बाजूनं झोपवलं. आता डाव्या कुशीवर वळली की तोंड भिंतीकडे, दाराकडे पाठ. ती निमूट पडून राहिली. चार मिनिटांत बीपी वर आलं, ठोकेही सुधारले. रेफरचा कागद कोराच राहिला. आठवड्यानं तिला मुलगी झाली, दोघी ठणठणीत.

"मॅडम, हे कुठल्या चॅप्टरमध्ये आहे?" रूपालीनं विचारलं.

पहिल्याच. पेशंटभोवतीची जागा त्याच्या सोयीची करणं हे नर्सचं काम, असं मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे. लिहायचे, पुसायचे आणि घरी जायचे.

आता मुलींना एवढंच सांगते, पेशंटवर खेकसण्याआधी त्याच्या उशीवर डोकं ठेवून बघा, समोर कोण दिसतं ते.