आत्याचा निकाल

आमच्या आत्याचं बाई एकच, स्वतः बघितल्याशिवाय ती कशावरही विश्वास ठेवायची नाही. "बघून येते, मग बोलते," म्हणायची आणि पिशवीत भाकरी बांधून निघायची. घरात बैल घ्यायचा असो की जावई करायचा, शेवटचा निकाल आत्याचा. मुरबाडच्या आमच्या घरात बाबांचा आवाज मोठा, पण थोरल्या बहिणीपुढे तोही खाली यायचा.

वैशाखरे गावचं, माझ्या बहिणीला आलेलं एक चांगलं स्थळ तिनं मोडलं होतं. मुलगा नोकरीवाला, शेती बरी. आत्या तिथं पोटभर जेवली, हात धुवायला म्हणून गोठ्याकडे गेली आणि परत आल्यावर म्हणाली, "म्हशीच्या मानेत दोर रुतलाय. मुक्या जनावराला बघत नाय ते पोरीला काय बघतील?" विषय संपला.

मग माझी पाळी आली. मी मुंबईत नोकरी करायचे आणि शनिवारी रात्री एका तळघरातल्या क्लबात डीजे म्हणून वाजवायचे. तिथं गॉथ आणि इंडस्ट्रियल संगीत चालायचं. काळे कपडे, काळे ओठ, पांढरेफटक चेहरे आणि कारखान्यातल्या यंत्रांसारखा ठणठणाट. शहापूरच्या एका ओळखीच्यानं मला त्या अवतारात बघितलं आणि बाबांना तिखटमीठ लावून सांगितलं. बाबा भडकले. नोकरी सोड, घरी ये, लग्न करून टाकतो! आत्या एवढंच म्हणाली, "थांब रे. मी बघून येते."

आली की हो, थेट क्लबात! हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, काखेत पिशवी. दारावरचा माणूस "आंटी, किधर?" म्हणेपर्यंत ती जिना उतरलीसुद्धा. खाली शिंगं लावलेला, तोंड रंगवलेला एक उंच पोरगा उभा होता. आत्यानं पिशवी खाली ठेवली आणि सरळ त्याच्या पायावर डोकं टेकलं. आमच्याकडे बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगं नाचतात, आणि सोंग समोर आलं की पाया पडायचं असतं. तिला वाटलं, हा मुंबईचा बोहाडा. पोरगा बिचारा घाबरला, त्यानंही तिचे पाय धरले. मला हसू आवरेना.

"या सोंगाचा मान कोणाच्या घरचा गो?" तिनं विचारलं. आमच्याकडे प्रत्येक सोंगाचा मान ठरलेल्या घराला असतो. मी म्हटलं, "आत्या, इथं मानबिन नाही. ज्याला वाटेल तो सोंग घेतो."

"बायका पण?"

"बायका पण."

बोहाड्यात देवीचं सोंगसुद्धा पुरुषच घेतात. संबळ वाजवणारेही तेच. बायकांनी लांब बसून बघायचं. त्या रात्री मी वाजवायला उभी राहिले तेव्हा आत्या पदरानं कान दाबून अगदी पुढे बसली होती, शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मुरबाडला आलो तेव्हा बाबांनी विचारलं, "काय ताय, काय बघितलंस?"

"कपडे वायट. वाजवणं त्याहून वायट, भांड्यांच्या दुकानात मारामारी लागल्यागत," आत्या म्हणाली. संपलं सगळं, असं मला वाटलं. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. "पोरगी पीत नाय. तिच्या अंगाला कोणी हात लावत नाय. ती वाजवते नि बाप्ये उभं राहून ऐकतात. आपल्या गावात ऐकलं असतं का रे? हिला राहू दे तिकडं."

बाबा काहीतरी पुटपुटले आणि अंगणात निघून गेले. मी तिच्या गळ्यात पडून रडले.

मी मुंबईला निघाले तेव्हा तिनं मला बाजूला घेतलं. "पुढल्या टायमाला मला पण घेऊन जा. आता सोंग घ्यायला."

"कोणाचं गं?"

"देवीचं. बाप्यांना ते कधी नीट जमलं नाय."

दिवाळीनंतरचा एक शनिवार ठरला. क्लबातल्या पोरीही खूष झाल्या, मुकुट कोण करणार यावरून भांडल्या. पण दिवाळीच्या आधीच आत्या तापाच्या निमित्तानं गेली. फार लवकर गेली, अजून राग येतो.

ठरलेल्या शनिवारी मी वाजवायला उभी राहिले. समोर सगळी सोंगं होती, देवीचं तेवढं नव्हतं.