उभ्यानं प्यायची वाइन

स्पेनमधल्या बिल्बाओ शहराच्या जुन्या पेठेत दुपारच्या जेवणाआधी मित्रांची टोळकी बारमागून बार करत फिरतात. प्रत्येक ठिकाणी उभ्यानं घोटभर वाइन, काडीला टोचलेली मिरची आणि खारवलेला मासा, की पुढचा बार. बसत कुणी नाही. सेवेरो उरुतियाही कधी बसला नव्हता. गोदीत वेल्डर होता तेव्हापासून चोमिन आणि गोर्का या दोघांबरोबर त्याची हीच फेरी.

मग त्याचे गुडघे गेले. हृदय अधू, म्हणून डॉक्टर ऑपरेशनला तयार नव्हते. सेवेरो मागं पडू लागला. तो बारमध्ये शिरे तेव्हा दोघं पेले ठेवून निघालेले असत. चोमिन म्हणे, तुझ्यासाठी माशाचा वास ठेवलाय. सेवेरो त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करे. शेवटी पहिल्याच बारपलीकडे त्याला जाववेना. मालकीण इत्सियारनं आतून खुर्ची आणून दिली.

दोघांनी आपसात ठरवलं, फेरी बंद. आपणही सेवेरोपाशी बसायचं. पहिल्या दिवशी हवापाणी आणि गुडघे यांवर बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी तेही संपलं. त्यांची सगळी भांडणं एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत जाताना व्हायची, खांद्याला खांदा लावून, एकमेकांकडे न बघता. समोरासमोर बसल्यावर कुणालाच काही सुचेना. चोमिननं एक विनोद सुरू केला आणि अर्ध्यावर सोडला.

असा आठवडा गेल्यावर सेवेरोच म्हणाला, "निघा रे तुम्ही. मयताला आल्यासारखे बसता."

"चाकाची खुर्ची आणतो," गोर्का म्हणाला.

"त्या गर्दीत? लोकांची ढुंगणं बघत फिरू?"

"मग उद्यापासून पत्ते आणू."

"तू पत्त्यांत लबाडी करतोस, लेका. जा."

मग चोमिननं टोपी घातली. जाताना गोर्कानं सेवेरोच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

दाराबाहेर पडून चार पावलं गेले नाहीत तोच दोघांची जुंपली. इत्सियारला ते ऐकू आलं. तिनं घाईनं टीव्हीचा आवाज वाढवला.

"बंद कर गं तो," सेवेरो म्हणाला. "कशावरून भांडतायत ते कळू दे."

तिनं टीव्ही बंद केला. तोवर ते कोपऱ्यावरून वळले होते.