तांबडीकडे बघायचं नाय

गुरं माझ्या शब्दाबाहेर नाहीत, असं मी गावभर सांगतो. खरं म्हणजे ती पुढे चालतात आणि त्यांना जायचं असेल तिकडे मी मागून जातो.

मुंबईत सात वर्षं वॉचमन होतो. नोकरी गेली तेव्हा पूर्णगडच्या वरच्या अंगाला एका काकीच्या गोठ्यावर काम शिकायला लागलो. काकी एकटीच, नवरा वारलेला, गुरं बारा. वॉचमन होतास म्हणजे राखण तरी जमेल, असं तिला वाटलं. बिचारीने माझी राखण बघितली नव्हती.

त्या बारांत तांबडी तिची सगळ्यात लाडकी. आदल्या खेपेला तांबडीचं वासरू मेलेलं जन्मलं, तेव्हा काकी दोन दिवस जेवली नव्हती म्हणतात. आता तांबडी परत गाभण होती. शेपटाच्या मुळाशी रोज हात लावून बघ, तिथे मऊ पडली म्हणजे आजउद्या व्यायची, मग तिला सोडायची नाय, एवढंच काम काकीने मला दिलेलं. मी रोज हात लावायचो. मऊ म्हणजे किती मऊ, ते विचारायची लाज वाटायची. म्हणून रोज सांगायचो, घट्ट हाय.

त्या दिवशी गुरं सड्यावर, डोंगरावरच्या कातळमाळावर नेली. गवत कमरेएवढं. जेवलो, जरा आडवा झालो. चारच्या सुमाराला मोजून बारा गुरं खाली आणली. काकी बेड्याशी, कुंपणाच्या फाटकात उभी होती. तिने तांबडीकडे बघितलं आणि म्हणाली, "हिचं पोट खंय गेलं?"

तांबडी सड्यावरच व्यायली होती आणि वासरू कुठेतरी लपवून आली होती. वर बिबट्याचा वावर. काळोख पडायला दोन तास. काकीचा गुडघा सुजलेला, तिला चढण चढवेना. ओरडेल असं वाटलं, पण तिचा आवाजच खाली गेला. म्हणाली, "हिला घेऊन वर जा. सोडून दे. पण हिच्याकडे बघायचं नाय. बघितलंस तर ही वासराकडे जायची नाय."

मी बघितलं. कसं नाय बघणार? तांबडी चरायला लागली, जसं काय तिला पोरच नाय. मग निघाली, मी मागे. तिने मला पार कड्यापर्यंत नेलं आणि तिथे रवंथ करत उभी राहिली. तिकडून उलटी फिरली, परत तेच. समुद्राकडे सूर्य टेकायला आला.

शेवटी एका जांभ्या दगडावर तिच्याकडे पाठ करून बसलो. सात वर्षं पगार घेऊन झोपलो, पण न बघणं एवढं कठीण असतं ते त्या दिवशी कळलं. मागे गवत सरसरलं. थांबलं. परत सरसरलं. मग एक आवाज आला. हंबरणं नाय ते. पोटाच्या तळातून काढलेला, हळू, घुमणारा. गोठ्यावर आल्यापासून रोज गुरांतच होतो, पण असं बोलताना गाय कधी ऐकली नव्हती.

वळलो. करवंदीच्या जाळीखाली खोलगट जागा, त्यात पाडी. ओली, कान पाडून, डोळे उघडे. तिथून मी चार वेळा गेलो असेन. तिने हूं का चूं केलं नव्हतं. आईने गप्प बस म्हटलं आणि काही तासांचं ते पोर गप्प बसलं. मी उभाच राहिलो. हात जोडावे की उचलून घ्यावी, सुचेना.

उचलली. तांबडी शिंगं माझ्या पाठीला लावून खालपर्यंत आली.

काकीने पाडीचं नाक पुसलं, तोंड सडाला लावलं. ती चुपूचुपू प्यायला लागली तेव्हा काकी मटकन खाली बसली आणि पदराने डोळे पुसले. मला तेवढ्यात जोर आला. कशी शोधून काढली, ते मी सांगायला लागलो.

"तू कसली शोधतोस, मेल्या," काकी म्हणाली. "तुझ्याच्यानं कायव व्हायचं नाय, एवढं तिला कळलं, म्हणून गेली ती पोराकडे."