हँडबुकातलं बेचाळिसावं पान

दोहाहून मेसईदला आमच्या कंपनीची बस जाते. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, आणि बघायला काय, तर डावीकडे वाळू आणि उजवीकडेही वाळूच! मग माणसं बोलतात. आमच्या मागच्या सीटवरच्या मराठी टोळक्याचे किस्से म्हणजे गाडीच्या काचेवरची धूळ. आज पुसा, उद्या तेवढीच. त्यातले अमेयचे किस्से मात्र मी इतके दिवस कुणाला सांगितले नव्हते. आता सांगायला हरकत नाही. नावं तेवढी बदलली आहेत, माझं सोडून. बरं, माझंही बदललंय!

अमेय आमच्या प्लँटमधला प्रोसेस इंजिनिअर, सांगलीचा. केदार लातूरचा, दोहात आयटीत. दोघांचं एकमेकांवर प्रेम, आणि पाच वर्षं ते एका घरात राहत होते. इथल्या कायद्यात या गोष्टीला जागा नाही, त्यामुळे हे फक्त मला माहीत होतं. निदान अमेयची आणि माझी तशी समजूत होती.

*

दोहात घर शोधायला गेलं की पहिला प्रश्न, "फॅमिली की बॅचलर?" अमेय आणि केदार पहिल्यांदा घर बघायला निघाले तेव्हा त्यांनी तीन दिवस उत्तरांची प्रॅक्टिस केली होती. कॉलेजचे मित्र आहोत, एका गावचे आहोत, आतेमामे भाऊ आहोत, सगळं तोंडपाठ.

एजंटने एक बेडरूमचा फ्लॅट दाखवला. मग दोघांकडे पाहिलं, परत बेडरूमकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"सिर्फ दो आदमी?" एजंट म्हणाला. "इतने बड़े फ्लॅट में? मन कैसे लगेगा? और चार लोग मैं देता हूँ ना! बहुत अच्छे लोग हैं!"

ते चार अच्छे लोग टाळता टाळता दोघांच्या नाकी नऊ आले. शेवटी केदारने सांगून टाकलं, की मी भयंकर घोरतो. एजंटला ते पटलं. चावी हातात देताना मात्र तो अमेयकडे बघून कळवळला, "फिर आप कैसे सोएगा?"

अमेय म्हणाला, "आदत है, भाई."

*

सुनीताताई आमच्या प्लॅनिंगमध्ये. पगार त्यांना शेड्यूल करण्याचा मिळतो, पण खरा जीव लग्नं जमवण्यात! त्यांच्या फोनमध्ये अमेयच्या नावाचा एक वेगळा फोल्डरच होता. रोज बसमध्ये एक मुलगी. अमेयची कारणं संपत आली होती. ही फार उंच, ती फार शिकलेली, तिसरी काय तर कोल्हापूरची, आणि सांगलीकराला कोल्हापूरची कशी चालेल!

एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, ताई न सांगता पुरणपोळ्या घेऊन अमेयकडे गेल्या. दहा मिनिटं बसल्या, पाणी प्यायल्या, आल्या. रविवारी बसमध्ये त्यांनी अमेयच्या डोळ्यांसमोर तो फोल्डर डिलीट केला. अमेय गार!

मी हळूच विचारलं, "ताई, काय झालं हो?"

"अगं, मी सोफ्यावर बसलेय आणि आतून तो केदार ओरडतोय, 'अमेय, ओला टॉवेल परत गादीवर?' आणि हा पाहुणी सोडून मुकाट्याने उठला, टॉवेल वाळत घालून आला. पंचवीस वर्षं संसार केलाय मी, शुभा. एवढं ऐकून घेतात ते घरच्याचंच!"

मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आणि मी तुला काही बोललेले नाही."

*

आता माझ्या चुकीचा किस्सा. मी प्लँटमध्ये डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, म्हणजे कागदांची राखणदार. आमचं मुख्य ऑफिस युरोपातल्या एका लहानशा गावात आहे. तिथून कर्मचाऱ्यांचं नवीन हँडबुक आलं आणि मला वरून सांगण्यात आलं, दोहाच्या कॉपीतून बेचाळिसावं पान काढ. मी काढलं. पान काढलं की पुढचे नंबर बदलायचे असतात, हे माझ्या धंद्यातलं पहिलं कलम. ते मी विसरले!

सापडायचं ते सलीमभाईंनाच सापडलं. सलीमभाई स्टोअरचे इनचार्ज, रत्नागिरीचे, आमच्यात वयाने सगळ्यात मोठे. नमाज कधी चुकवणार नाहीत आणि स्टोअरमधला एक वॉशर कमी झाला तर जेवणार नाहीत. अमेयला सगळ्यात जास्त धास्ती त्यांचीच होती.

"एक्केचाळीसवर रजा संपली नि त्रेचाळीसवर एकदम सेफ्टी शूज? मधलं पान खाल्लं कोणी? जादाची रजा लपवलीय लोकांनी!"

झालं! दुपारच्या चहापर्यंत पंधरा दिवस जादा रजा होती, संध्याकाळच्या बसमध्ये महिनाभर झाली. एका वेल्डरने तर बायकोच्या माहेरी जायला वेगळी रजा आहे असं छातीठोक सांगितलं. सलीमभाई एचआरकडे गेले. उत्तर मिळालं, "नॉट ॲप्लिकेबल टू धिस लोकेशन." आता तर त्यांची खात्रीच पटली.

त्यांनी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाकडून त्या पानाचा फोटो मागवला आणि एका सकाळी बसमध्ये मधोमध उभे राहिले. सगळ्यांच्या माना वळल्या. त्या पानावर काय आहे ते मी अमेयला आधीच सांगितलं होतं. तो माझ्या शेजारी पांढराफटक होऊन बसला होता.

सलीमभाईंनी चष्मा लावला. पहिली ओळ मोठ्याने वाचायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग सगळं पान मनातल्या मनात वाचलं.

त्यात लिहिलं होतं, की माणूस कुणावर प्रेम करतो यावरून कंपनी त्याला कमी लेखणार नाही. जोडीदार पुरुष असो की बाई, घर, विमा, व्हिसा सगळं सारखं. खाली अभिमानाने असंही होतं, की आमच्या गावात तर नगरपालिकेचा नियमच आहे. घरमालक, दुकानदार, साहेब, कुणीही अशा माणसाला दारातून परत पाठवायचं नाही. आणि तो नियम व्हावा म्हणून गावातले बेकरीवाले, सलूनवाले, दुकानदार सगळ्यांनी मिळून पालिकेत अर्ज दिला होता.

"सलीमभाई, कितना छुट्टी?" पुढून वेल्डर ओरडला.

"छुट्टी का कुछ नहीं है."

"तो फिर क्या है?"

सलीमभाईंनी फोन खिशात टाकला. "पन्ना अच्छा है. खाली-पिली निकाल दिया."

मग ते अमेयच्या शेजारी येऊन बसले. त्यांच्या घरची सांदणं आम्हाला रोज मिळायची, माणशी एक. त्या दिवशी त्यांनी अमेयच्या हातावर दोन ठेवली. "एक घरी ने," म्हणाले. मला तर रडूच फुटलं. ते पान माझ्या हातांनी काढलं होतं ना मी!

*

त्या पानाच्या जोरावर अमेयने मुख्य ऑफिसातल्या जागेसाठी अर्ज केला. जागा मिळाली. अडलं केदारच्या व्हिसावर. दोघं खरंच एकत्र राहतात याचा पुरावा हवा होता. आता इथे असा कागद आणणार कुठून? फ्लॅटच्या करारावर एकट्या अमेयचं नाव. "केदारशिवाय मी जाणार नाही," अमेयने सांगून टाकलं.

सलीमभाई म्हणाले, "बकालावाल्या इक्बालला विचारा. त्याला सगळ्यांची घरं ठाऊक." बकाला म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. इक्बालभाई महाडचे, अमेयच्या बिल्डिंगखालीच त्यांचा बकाला. मी लॅपटॉप घेऊन गेले.

"पत्र कशासाठी पाहिजे ते माहीत आहे ना तुम्हाला, इक्बालभाई?" मी विचारलं.

"मना काय करायचंय? मी दुकानदार. कोण कुठं ऱ्हातो नि काय खातो तेवढं मना म्हाईत. लिव तू."

ते सांगत गेले आणि मी इंग्रजीत टाइप करत गेले. पाच वर्षं एकच फ्लॅट, एकच यादी. एकाला शेपू चालत नाही म्हणून दुसरा विकत घेत नाही. एक आजारी असला की दुसरा खाली येऊन लिंबं नेतो नि निवडायला अर्धा तास लावतो. आणि दूध! एक जण फोन करतो, कमी फॅटचं पाठवा. पाच मिनिटांत दुसऱ्याचा फोन, फुल क्रीम पाठवा आणि त्याला सांगू नका.

"इक्बालभाई, हे सरकारी पत्र आहे! दुधाचं कशाला?"

"मंग खोटं लिवू काय?"

मी निमूट लिहिलं. खाली त्यांनी दुकानाचा शिक्का मारला. नीट उठला नाही म्हणून आणखी एकदा मारला.

महिन्याभराने व्हिडिओवर व्हिसाची मुलाखत झाली. अमेय आणि केदार इस्त्रीचे शर्ट घालून, जीव मुठीत धरून बसलेले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. पलीकडच्या बाईंपुढे दोघांच्या कागदांची चळत होती. त्यांनी सगळे कागद बाजूला सारले आणि दोन शिक्क्यांचं पत्र उचललं. वाचलं. परत वाचलं. चष्मा काढून ठेवला.

"माझा एकच प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्यातला फुल क्रीमवाला कोण?"

दोघांनीही एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं.