पापणीच्या कडेला अडलेलं ऑपरेशन

मोतीबिंदूचं ऑपरेशन आता अगदी किरकोळ झालं आहे, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. त्यांच्यापैकी कुणालाही माझी मावशी नव्हती.

आईला ऑपरेशन हवं होतं ते पत्त्यांसाठी. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या आवारात दुपारी चार बायका रमी खेळतात. आईला त्यातले बदाम आणि चौकट वेगळे दिसेनासे झाले होते. ती हातातलं पान सरळ शेजारणीपुढे धरायची आणि विचारायची, "हे काय आहे गं?" रमीत असा भिडू फार दिवस चालत नाही. एकदा त्यांच्यापैकी एकीने तिला गोड आवाजात सुचवलं, "तुम्ही नुसत्या बसा ना आमच्यात. गप्पा मारू." त्या दिवशी घरी येऊन आई म्हणाली, "माझ्या डोळ्याचं बघ रे काहीतरी."

डॉक्टरांनी मोतीबिंदू पाहिला, मान डोलावली आणि मग यंत्राचा दिवा तिच्या पापण्यांवर आणला. पापण्यांच्या कडा लाल होत्या, सुजलेल्या होत्या, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखं काहीतरी धरलं होतं. सकाळी उठल्यावर तिच्या पापण्या चिकटलेल्या असत, दिवसभर डोळे चुरचुरत. आम्ही ते सगळं वयावर ढकलून मोकळे झालो होतो.

"कडेच्या तेलाच्या ग्रंथी तुंबल्यात," डॉक्टर म्हणाले. "आधी हे निवळू दे. इथले जंतू ऑपरेशनच्या वेळी आत गेले तर आहे ती नजरही जायची."

उपाय साधा होता. स्वच्छ कपडा कोमट पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर शेक द्यायचा. मग पापणीच्या कडा हलक्या हाताने पुसायच्या. सकाळ-संध्याकाळ. काजळ, तूप, मध, गुलाबपाणी, सगळं बंद.

या उपायाचा मोठा दोष असा की त्यात कुणालाच भाव मिळत नाही. कोमट पाणी सुचवल्याबद्दल कुणी कुणाला मानत नाही. त्यामुळे सोसायटीने स्वतंत्र निदान सुरू केलं. समोरच्या इमारतीचं पाडकाम हे एक कारण निघालं, गॅलरीतली कबुतरं हे दुसरं, आणि माझा मोबाईल हे तिसरं. आई मोबाईलला हातही लावत नाही, पण त्याने कुणाचं अडलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त साहेब लिफ्टमध्ये मला शरीरातल्या उष्णतेबद्दल सांगू लागले आणि स्वतःचा मजला आला तरी उतरले नाहीत.

पण हे सगळे हौशी. मावशी वेगळी. ती आईची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून ती स्वतः काजळ करते. ती ते देते तेव्हा राष्ट्रपती पदक देत असल्यासारखी उभी राहते. ऑपरेशनच्या पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी मी ऑफिसात असताना ती आली, बहीण ओकीबोकी दिसतेय म्हणाली आणि तिच्या पापण्यांना ठसठशीत काजळ घालून गेली.

दुसऱ्या दिवशी दिव्याखाली ते कडेकडेने भरलेलं दिसलं.

"आजी, हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ताईने लावलं."

"आणि तुम्ही लावू दिलंत?"

"थोरली आहे हो ती."

यावर डॉक्टरांकडे औषध नव्हतं. त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं. मी बाहेर येऊन मावशीला फोन केला.

"मावशी, तुझ्या काजळामुळे ऑपरेशन रद्द झालं."

"माझ्या काजळाने आजवर कुणाचं वाईट झालं नाही. तुलाही घातलंय. चष्मा कधी लागला तुला?"

"शाळेतच."

"तो पुस्तकं वाचून."

पुन्हा शेक सुरू झाला. पाणी तापवायचं, आई "भाजलं" म्हणायची. थोडं थांबायचं, आई "गार झालं" म्हणायची. दोघांच्या मध्ये कोमट नावाचा एक अत्यंत अरुंद काळ असतो, तो मला क्वचित सापडला. तरीही हळूहळू पापण्या सकाळी चिकटेनाशा झाल्या, कडांचा लालपणा उतरला. डॉक्टरांनी नवी तारीख दिली.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी बेल वाजली. दारात मावशी, हातात काजळाची डबी. मी रजाच घेतली होती, आणि एक कडक भाषणही तयार ठेवलं होतं. पण माझ्या आधी आईच आतून म्हणाली, "ताई, आज माझ्या डोळ्याला हात लावायचा नाही."

मावशीने डबी पदराखाली घेतली. "बरं," ती म्हणाली. "डॉक्टर तुझे सख्खे. आम्ही परके." आणि चहा न घेता गेली.

आई भिंतीकडे तोंड करून बसली. तिचे डोळे भरून आले.

"आई, रडू नकोस. पापण्या सुजतील."

"मग काय हसू?"

आणि ती व्यवस्थित रडली. आईचं रडणं वैद्यकीय कारणावरून थांबवू पाहणारा मुलगा किती मूर्ख दिसतो, ते मला तेव्हा कळलं. मी मुकाट्याने कपडा पिळून आणला, या वेळी गार पाण्यातून. मनात मात्र डॉक्टर, मावशी आणि रमी शोधून काढणारा माणूस, सगळ्यांवर राग होता.

सकाळी आईच्या पापण्या फुगलेल्याच होत्या. डॉक्टर बराच वेळ दिव्याखाली बघत राहिले. मी तिसऱ्या तारखेची मानसिक तयारी केली.

"रडलात का, आजी?"

"हो."

"ही सूज रडण्याची आहे. कडा स्वच्छ आहेत. चला आत."

ती बाहेर आली ती डोळ्यावर प्लॅस्टिकची झाकणी लावूनच. खुर्चीत बसायच्या आधी म्हणाली, "ताईला फोन लाव."

पहिल्याच रिंगला मावशीने उचलला.

"झालं?"

"झालं. नीट झालं."

"काय लावत होतास तिच्या पापण्यांना?"

"कोमट पाणी."

"नुसतं पाणी?"

"नुसतं पाणी."

मग ती म्हणाली, "तिला दे फोन. तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही."